उशिराचं कारण

माझ्या मुलाच्या शाळेनं जूनमध्ये एक डायरी दिली. तिच्या मागच्या पानांवर ‘उशीर किंवा गैरहजेरीचे कारण’ असा रकाना आहे. रुंदी दीड बोट. पुण्यात तेवढा पुरतो. ताप, ट्रॅफिक, घरी कार्य, एवढ्यात इथली सगळी कारणं आटोपतात. मी शिकलो त्या शाळेत असा रकाना नव्हता. असता तर गुर्जींना दर महिन्याला नवी वही लागली असती.

ती शाळा सेमाडोहची. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पोटात, सिपना नदीकाठी आमचं गाव. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. नदीला झाडाचं नाव आणि गावाच्या नावात डोह. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत आमच्या मेळघाटचा नंबर लागला. त्यानंतर दहा-एक वर्षांनी माझा जन्म. वडील वनरक्षक. त्यामुळे जंगलात वाघ किती याची चिंता सरकार करायचं आणि त्यातला एखादा शाळेच्या वाटेवर आहे का, याची आई.

आमच्या उशिराची कारणं ऋतुमानाप्रमाणे येत. पावसाळ्यात सिपना. पलीकडची पोरं काठावर येऊन पाण्याकडे बघत, दप्तर डोक्यावर धरून थोडा वेळ उभी राहत आणि घरी परतत. ऑगस्टात घाटात धुकं उतरे, तेव्हा एसटी उशिरा येई. आमच्या गावात घड्याळं थोडी आणि एसटी ठळक, म्हणून एसटी उशिरा आली की अख्खं गावच उशिरा सुरू होई. होळी म्हणजे मेळघाटात दिवाळीहून मोठा सण. कोरकू पोरं चार-पाच दिवस दिसायचीच नाहीत, आणि दिसलीच तर रस्त्यात गाडी अडवून फगवा मागताना. एकदा त्यांनी ज्या एसटीला अडवलं तिच्यात गुर्जीच होते. गुर्जींनी चार आणे दिले आणि हजेरीही तिथंच घेतली.

होळीच्या आगेमागे मोहाचा हंगाम. मोहफुलं पहाटे गळतात, ती ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. टोपलं भरलं तर घराला मीठ-मिरची. त्यामुळे पोरं दहा वाजता यायची, हाताला तो गोडूस वास घेऊन. त्यांच्या वासानं सगळा वर्ग झिंगल्यासारखा व्हायचा. मोहाच्या झाडाखाली आपल्याआधी अस्वल आलेलं असेल तर त्याचं आटोपेपर्यंत लांब थांबावं लागतं. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, पण नापास होणं परवडणार नाही असा तोच एक विषय होता.

आमचे गुर्जी दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. तिकडे सगळं सपाट; उंच म्हणजे ज्वारीचं कणीस. बदली होऊन आले तेव्हा त्यांना कोरकूतलं अक्षर येत नव्हतं आणि पहिलीतल्या निम्म्या पोरांना मराठीतलं. दोन्ही बाजू अगदी जिद्दीनं आपापल्या भाषेत बोलत. मला दोन्ही भाषा येत, म्हणून सातव्या वर्षीच मी दुभाषा झालो. पगार नव्हता, पण पाढे म्हणण्यातून सुटका होती.

गुर्जींच्या पहिल्याच महिन्यात एक पोरगं तासभर उशिरा आलं.

‘काऊन रे, एवढा उशीर?’

पोराला मराठी बेतास बात. ते म्हणालं, ‘गुर्जी, कुला.’

‘काय झालं कुल्याले?’

‘रस्त्यात बसला व्हता जी.’

गुर्जी चष्म्यावरून बघत राहिले. ‘पडला काय? लागलं काय? दाखव बरं.’

पोरगं आज्ञाधारक. ते वळलं आणि दाराकडे चालू लागलं.

‘अबे, भायेर नाही, इथंच दाखव!’

मराठी पोरं तोंडावर हात धरून हसत होती. कोरकू पोरांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना. ती अगदी गंभीर. शेवटी मी उठून सांगितलं, ‘गुर्जी, कोरकूत कुला म्हंजे वाघ.’

गुर्जी क्षणभर काही बोलले नाहीत. मग उठले आणि आधी दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून त्यांनी कोरकू शिकायला घेतली. मिया म्हणजे एक, बारी म्हणजे दोन, इथून सुरुवात. पोरं त्यांची उजळणी घ्यायची आणि चुकलं की गुर्जींवर खुशाल हसायची. गुर्जी रागवायचे नाहीत. चुकल्यावर कसं वाटतं ते आता त्यांनाही कळलं होतं.

वाघाचा तो प्रसंग वाया जाऊ नये म्हणून गुर्जींनी निबंध घातला, ‘मी पाहिलेला वाघ’. एका पानाचा. त्या पोराने पाटीवर तीन ओळी लिहून आणल्या. ‘वाघ होता. बसला होता. मग उठून गेला.’ गुर्जी म्हणाले, ‘अजून लिही ना. त्याचे डोळे कसे होते? डरकाळी कशी होती?’ पोरगं म्हणालं, ‘डरकाळी नाही जी. बसला होता.’ आणि पाटी तशीच पुढे धरली.

1993 मध्ये दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. अमरावतीला मावशीकडे गेलो की मावसभाऊ मला घेऊन गल्लीभर मिरवायचा. तुमच्याकडे मोगली आहे का, असं पोरं विचारायची. त्या भावानं वाघावर दोन पानं लिहून वर्गात बक्षीस मिळवलं होतं. त्यात डरकाळी चारदा होती. पुढे कळलं की मोगलीचं सिवनीही आमच्याच सातपुड्याच्या बाजूचं, आणि किपलिंगनं ती गोष्ट अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिली. लांब असलं की पानं भरतात. जवळ असलं की तीन ओळींतच जीव दमतो. माझंही आता तसंच झालंय. पुण्यात बसून मी सेमाडोहवर तुम्हाला पानभर सांगतोय, यातच काय ते आलं.

गेल्या हिवाळ्यात मुलाला घेऊन गावी गेलो होतो. रविवारी परत निघालो. बडनेऱ्याहून संध्याकाळची गाडी. घाटात वळणावर पुढची जीप थांबलेली. तिच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध, तो. कोणी हॉर्न दिला नाही, कोणी बोललं नाही. मुलानं माझा हात घट्ट धरला होता. केव्हातरी रस्ता मोकळा झाला आणि आमची गाडी चुकली.

मंगळवारी डायरी उघडली. दीड बोटाच्या रकान्यात काय मावणार? मी मुलाला विचारलं, ‘तूच सांग, काय लिहू?’ तो थोडा विचार करून म्हणाला, ‘आजोबा काय म्हणतात त्याला?’ मी लिहिलं, ‘कुला’.

दुपारी बाईंचा फोन आला. आवाज काळजीचा, थोडा संकोचलेला. ‘डायरीतलं वाचलं. फार दुखतंय का हो? आज बाकावर नीट बसला होता तसा...’

‘नाही हो बाई,’ मी म्हणालो, ‘रस्त्यात बसला होता. मग उठून गेला.’