आधी खाली उतरा, माऊली

योहानाच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, प्रीती तोंडानं नको, कृतीनं करा असं सांगितलं आहे. या वचनावर आमच्या ख्रिस्ती मंडळीत इतकी प्रवचनं झाली आहेत की कृतीला वेळच उरला नाही. २०२१ च्या जुलैत तर कृतीचा प्रश्नच नव्हता. करोनामुळे प्रार्थनास्थळं बंद होती आणि आमची उपासना झूमवर चालायची. पाळकसाहेब प्रीतीवर बोलत होते, मागे कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तेवढ्यात एका तरुण पोरानं म्यूट काढून विचारलं, "मग महाडला कधी जायचं?"

सगळे कॅमेऱ्यावर दिसत होते, त्यामुळे कोणालाच तोंड लपवता आलं नाही. असे आम्ही दयाळू झालो.

महाडची बातमी तोवर घरोघर पोचली होती. महाबळेश्वराच्या डोंगरावर एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. ते पाणी सावित्रीनं खाली आणलं, गांधारीनं त्यात भर घातली. अशा वेळी बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याला समुद्राकडेही वाट मिळत नाही. मग ते महाडच्या बाजारपेठेत शिरतं. महाडकरांना पूर नवा नाही. पाणी चढायला लागलं की दुकानातला माल माळ्यावर टाकायची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. या वेळी पाणी माळ्यापर्यंत गेलं. २२ जुलैच्या संध्याकाळी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडीखाली माणसं गेली.

तिकडे हे घडलेलं असताना मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंचकमिटीची पहिली बैठक फ्लेक्सच्या मापावर झाली.

बॅनरवर वचन, वचनाखाली सगळ्या पंचांचे फोटो, आणि फोटो ओळखू यावेत म्हणून बॅनर टेम्पोपेक्षा लांब. महिला मंडळाच्या बाईंनी मध्येच विचारलं, "खराटे आणि फावडी घेतलीत का? चिखल असेल तिकडे." सेक्रेटरी म्हणाले, "बाई, मदत द्यायला चाललोय, झाडायला नाही." मराठी ख्रिस्ती घरांत ही वाटणी जुनीच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ती ठाऊक असेल: पाहुणे त्यांचे पती टिळक यांनी आणायचे आणि चूल लक्ष्मीबाईंनी पेटवायची. त्यातून आम्ही टिळकही नव्हतो. खजिनदार या नात्यानं मी खराटे नामंजूर केले आणि बॅनरचं बिल मंजूर केलं.

आता थोडं माझ्या खजिनदारीबद्दल. २०१९ च्या नाताळात आमचं गायनमंडळ घरोघर कॅरल गात फिरलं. गायनमंडळाच्या प्रमुखानं पोरांना वडापाव-चहा दिला आणि १,८४० रुपयांचं बिल माझ्याकडे आणलं. मी पावती मागितली. तो म्हणाला, रात्री साडेअकराला वडापावच्या गाडीवर पावती कोण देतं? मी म्हटलं, हिशेब म्हणजे हिशेब. तेव्हापासून आमचा अबोला. मधे दोन लॉकडाऊन आले, जगाची उलथापालथ झाली, अबोला मात्र मजबूत राहिला. झूमवर शेजारच्या चौकटीत त्याचं तोंड आलं की मी स्क्रीन सरकवत असे.

टेम्पो निघताना ड्रायव्हरशेजारी कोण बसणार यावरून वाद झाला. सेक्रेटरींना पाठीचा त्रास, पाळकसाहेबांना मान, मला हिशेबाची पिशवी. लूकनं बाविसाव्या अध्यायात लिहून ठेवलंय की प्रभुभोजनाच्या मेजावर शिष्यांतही मोठा कोण यावरून जुंपली होती. एकमेकांवर प्रीती करा ही आज्ञा त्यांना मिळाली तीही त्याच रात्री. आज्ञा कोणाला बघून दिली असेल हे मला त्या टेम्पोपाशी उमगलं. शेवटी पाळकसाहेब पुढे बसले आणि मी मागे, जुन्या कपड्यांच्या गाठोड्यावर. समोरच्या गाठोड्यावर गायनप्रमुख. पनवेल ते महाड आम्ही दोघांनी ताडपत्रीकडे बघत प्रवास केला.

मुंबई-गोवा महामार्गाचं वर्णन करत नाही, तो रस्ता पूर्ण झाला की करीन. पेण गेलं, कोलाड गेलं, माणगाव गेलं. खड्ड्यांनी घसा सुकत होता, तेव्हा पूरग्रस्तांसाठी घेतलेल्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून उघडल्या गेल्या. १९२७ साली ज्या गावात बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला, त्या गावाला द्यायचं पाणी आम्ही लोणेऱ्यापर्यंत बरंचसं संपवलं.

महाडच्या बाजारपेठेत गुडघाभर चिखल होता. ठाण्या-नवी मुंबईकडची पथकं रस्ते साफ करत होती. भिजलेलं धान्य कुजल्याचा वास नाकात बसत होता. आम्ही बॅनर उलगडला. एका दुकानदारानं तो नीट वाचला आणि विचारलं, "खराटा आणलाय?"

"नाही. कपडे आणलेत."

"कपडे ठेवू कुठं? आधी दुकान तर सापडू दे." मग आमची दया येऊन म्हणाला, "पुढं पोलादपूरकडं जा. डोंगरातल्या वाड्यांवर गाड्या कमी जातायत."

सेक्रेटरींनी तरीही भाषणाची संधी सोडली नाही. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला १८२३ साली स्कॉटिश मिशनरी आले, त्यांनी या भागात शाळा काढल्या, त्याच नदीच्या काठी आज आम्ही आलो आहोत, वगैरे. चिखल उपसणारा एक म्हातारा कमरेवर हात ठेवून ऐकत होता. म्हणाला, "ते निदान होडीनं आले असतील. तुमच्या टेम्पोनं माझी वाट अडवलीय."

पोलादपूर सोडून आम्ही आतल्या रस्त्याला लागलो आणि एका वळणावर टेम्पोचं मागचं चाक रुतलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ड्रायव्हरनं रेस केला. चाक आणखी खाली गेलं.

वरच्या वाडीतून माणसं धावत आली. पोलादपूर तालुका वारकऱ्यांचा. आलेल्यांतल्या बऱ्याच जणांच्या गळ्यात तुळशीमाळ होती. त्यांच्यातल्या एकानं चाकाकडे पाहिलं, बॅनरकडे पाहिलं, मग गाठोड्यांवर बसलेल्या आमच्याकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "माऊली, आधी खाली उतरा. गाडी हलकी होईल." आमच्या सेवाकार्याचं याहून अचूक परीक्षण कोणी केलेलं नाही.

मी उतरलो तो थेट चिखलात. शर्टाला शोभतात म्हणून घातलेले माझे चामड्याचे बूट जागच्या जागी राहिले आणि मी मोज्यांवर पुढे गेलो. बूट काढायला वाकलो तर बसलोच. लोकांनी दोर लावला होता, दगड घातले होते, "पुंडलिक वरदा" म्हणत ते टेम्पो ओढत होते आणि मी त्यांच्या वाटेत बसलो होतो.

तेवढ्यात माझ्यापुढे गमबुटांची एक जोडी येऊन उभी राहिली. आत पाय नव्हते. मान वर केली तर गायनप्रमुख अनवाणी दोराकडे निघालेला. अबोला मोडायचा नव्हता म्हणून त्यानं एक शब्द काढला नाही, मागेही पाहिलं नाही. प्रीती शब्दानं नको, कृतीनं हवी, ही योहानाची अट आमच्या मंडळीत इतक्या काटेकोरपणे पहिल्यांदाच पाळली गेली, आणि तीही भांडणामुळे. गमबूट मला दोन नंबर मोठे होते. मी ते घातले, जाऊन त्याच्या मागे दोर धरला आणि तितक्याच काटेकोरपणे गप्प राहिलो.

टेम्पो निघाला. मग वाडीतल्यांनी आम्हालाच जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, पिठलं, कांदा. ज्यांना शिधा द्यायला गेलो त्यांच्या शिध्यातलं आम्ही दोनदा मागून खाल्लं. एका आजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्याचं घर पण गेलं का रं?" माझा अवतारच तसा होता. आणलेल्या कपड्यांतून एक कोट आजींनी मलाच घालायला लावला.

आम्ही नेलेल्यांत तांदूळ आणि मेणबत्त्या उपयोगी पडल्या. पण खरी मागणी आली ती बॅनरला. एका घराच्या गोठ्याची कौलं उडाली होती. पोरांनी फ्लेक्स ओढून वर बांधला, छापील बाजू आत. गोठ्यात उभं राहून वर पाहिलं की पंचकमिटीचे सगळे चेहरे उलटे दिसायचे. खाली गाय निवांत रवंथ करत होती. सेक्रेटरींनी फोटो काढायला मोबाइल उचलला आणि पुन्हा खिशात घातला.

पुढच्या पंचसभेत मी १,८४० रुपयांचं बिल पावतीशिवाय मंजुरीला ठेवलं. कारणाच्या रकान्यात 'गमबूट' असं लिहिलं. ऑडिटरनं त्यावर प्रश्नचिन्ह काढलं आहे, ते अजून तसंच आहे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात क्रम स्वच्छ दिला आहे: भावाचं तुमच्याशी काही वाकडं असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवा, आधी समेट करा, मग अर्पण करा. आम्ही टेम्पो आधी भरला. तुम्ही कुठल्याही देवाचे असा, पुरात मदतीला निघणार असाल तर आधी तिथं फोन करून काय हवंय ते विचारा. खराटे, फावडी, घमेली न्या. जुने कोट घरी ठेवा. आणि बरोबरच्यांत कोणाशी तुमचा अबोला असेल तर त्याला जरूर शेजारी बसवा. बोलायची गरज नाही, फक्त त्याच्या पायातल्या बुटांचा नंबर बघून ठेवा.