दाखला दहावीत, वाचन कधी?

दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की डिस्लेक्सियाच्या दाखल्यासाठी पालकांची धावाधाव सुरू होते. जादा वेळ हवा, लेखनिक हवा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या मुलांना हक्क दिलेत आणि ते मिळालेच पाहिजेत. माझा राग त्याआधीच्या वर्षांवर आहे. हे मूल वाचताना अडखळतंय हे पहिलीच्या बाईंना दिसलं होतं, चौथीच्या सरांनाही दिसलं होतं. त्याच्या वाट्याला आलं ते एवढंच: ‘आळशी आहे’, ‘लक्ष नाही’, ‘घरी अभ्यास घ्या’.

2007 साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला. सोबत नाचणारी अक्षरंही लोकांच्या डोक्यात बसली. खरी अडचण बहुतेकदा डोळ्यांत नसते. ‘मासा’ हा शब्द कानावर पडला की त्यातले म्, आ, स्, आ हे आवाज सुटे करणं आणि प्रत्येकाला त्याची खूण चटकन जोडणं, इथं ही मुलं अडतात. बुद्धी शाबूत असते.

आता वर्गात डोकावा. चाळीस मुलं खड्या सुरात ‘क का कि की’ म्हणताहेत. ऐकायला छान वाटतं. त्यातल्या एकाला पुढं बोलवा आणि ‘कु’वर बोट ठेवा. तो ओठ हलवत ‘क’पासून निघतो आणि मोजत मोजत ‘कु’वर येतो. मग फळ्यावर ‘टो, पि, लु’ असं उलटसुलट लिहा. संपलं! बाराखडी पाठ आहे, वाचन नाही. आणि या मुलाला डिस्लेक्सिया असेलच असं नाही. त्याला कुणी वाचायला शिकवलेलंच नाही.

मराठी जशी बोलतो तशी लिहितो, त्यात काय अवघड, असं म्हणणाऱ्यांनी ‘कि’कडे नीट बघावं. वेलांटी आधी दिसते, तिचा आवाज नंतर येतो. र सूर्यात डोक्यावर बसतो, चक्रात पायाशी, राष्ट्रात आणखी निराळा. वाचनाच्या अभ्यासक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला तेव्हा अक्षरं पक्की होण्याचं काम चौथीपर्यंत चालू असल्याचं दिसलं. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच आहे. आपण मात्र पहिली-दुसरीत सगळं उरकून मोकळे होतो.

उपाय ठाऊक नाही असंही नाही. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून मोजक्या अक्षरांच्या गटांनी वाचन शिकवलं. चार अक्षरं आणि काना हाताशी आला की मूल लगेच खरे शब्द वाचतं. भ आणि म, घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नयेत. आवाज तोंडानं म्हणत अक्षर बोटानं वाळूत गिरवावं. आपल्याकडं धूळपाटी होतीच. अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी 1930च्या दशकात डिस्लेक्सियाच्या मुलांसाठी जी पद्धत बांधली, तिचाही गाभा हाच: आवाज, डोळा आणि हात एकत्र, पायरीपायरीनं, भरपूर सराव.

यानं शेजारच्या बाकावरच्या मुलाचं काही बिघडत नाही. उलट तोही पक्का होतो. फरक मात्रेचा आहे. एकाला पाच वेळा गिरवून जमतं, दुसऱ्याला पन्नास वेळा लागतात, आणि त्या पन्नासांसाठी रोज पंधरा-वीस मिनिटं चार-पाच मुलांचा वेगळा गट बसवावा लागतो. त्यासाठी दाखल्याची वाट कशाला बघायची? आणि सगळ्यांसमोर उभं करून अनोळखी धडा वाचायला लावणं आजच बंद करा. त्या दोन मिनिटांत ते मूल पुस्तकाचा कायमचा धसका घेतं आणि बाकीची हसायला शिकतात. जोडीनं वाचू द्या, आधी तयारी करू द्या.

पालकांनो, पुढच्या पालकसभेत गुण विचारू नका. ‘मिपू’, ‘सोटा’, ‘लाबुन’ असले मुलानं कधी न पाहिलेले शब्द कागदावर लिहून न्या आणि बाईंना विचारा, दुसरी संपेपर्यंत वर्गातलं प्रत्येक मूल हे वाचेल का? नसेल, तर त्यासाठी उद्यापासून काय करणार?