एचएमटीच्या डब्यात लॅपटॉप

गावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा लॅपटॉप उठलाच नाही. रात्रभर दंडारीचा खेळ, पहाटेपर्यंत भोंगे. त्यालाही जागरण झालं असेल म्हणून चहा होईपर्यंत मी वाट पाहिली. मग बटण दाबलं. दिवा लागला, आतला पंखा म्हाताऱ्यासारखा एकदा घरघरला आणि पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. पुन्हा दिवा, पुन्हा घरघर, पुन्हा अमावास्या.

आमच्या सानगडी गावात म्हैस अडली तर चार माणसं धावून येतात. लॅपटॉप अडला तर अकरा आली. याला कारण आहे. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून गल्लीतले निम्मे अर्ज आमच्या ओसरीवरून जातात. कोणाचा सातबारा काढायचा, कोणाच्या धानाची नोंदणी करायची, कोणाच्या पोरीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा. धान कापून पडलेलं, नोंदणी राहिलेली आणि यंत्र निपचित. घरातला कर्ता खाटेवर पडावा तसे सगळे त्याच्याभोवती बसले. कोणी त्याच्या पोटाला हात लावून पाहिला. "गरम हाये जी," म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

इंग्रजीत यंत्र सुरू होण्याला बूट होणं म्हणतात. आपल्याच बुटाची वादी धरून आपणच आपल्याला वर उचलायचं, अशी ती मूळ कल्पना. आमच्याकडे बूट दाराबाहेर काढून आत येतात, त्यामुळे लॅपटॉप घरात अडत असेल तर त्याला तरी दोष कसा द्यावा?

पहिला उपाय किराणा दुकानदाराचा. चार्जर काढा, बटण तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावा. यात तथ्य आहे. आत साचून राहिलेला विजेचा अंश उतरतो आणि अडकलेलं यंत्र कधीकधी सुटतं. पण तीस सेकंद मोजायचे कोणी, यावर पाच मिनिटं गेली. शेवटी एकाने मोठ्याने मोजायला घेतलं, सतराला त्याचा फोन वाजला आणि गडी बाहेर निघून गेला. आम्ही अंदाजाने सोडलं. काही झालं नाही.

दुसरा उपाय बंद करून चालू करण्याचा. याला हसू नका. 19 जुलै 2024 ला एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगातले सुमारे 85 लाख संगणक निळे पडले. विमानतळांवर रांगा लागल्या, आपल्या देशात काही प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून मिळाले, आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या काही ग्राहकांना सांगितलं की यंत्र पुन्हापुन्हा सुरू करून पाहा, पंधरा वेळाही करावं लागेल. ती बातमी वाचली त्या दिवशी मला आपल्या गावाचा अभिमान वाटला. साताठ वेळा चालू-बंद करण्याची विद्या आमच्याकडे पंप, टीव्ही आणि कचेरीतले बाबू यांच्यावर केव्हाची सिद्ध झालेली आहे. बाबू तर आपल्यावरच उलट प्रयोग करतात: "उद्या या." म्हणजे आज बंद व्हा, उद्या चालू होऊन या.

पण भंडारा जिल्ह्यात कोणत्याही रोगाचं निदान शेवटी धानाशी येऊन थांबतं. समोरच्या मावशींनी आतापर्यंत एक शब्द काढला नव्हता. त्या उठल्या, घरात गेल्या आणि पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

"तांदरात ठेवा जी गुरुजी. माह्या पोराचा फोन नाल्यात पडला होता, तांदरात ठेवला, दुसऱ्या दिवशी बोलाले लागला."

मी म्हटलं, "मावशी, हा भिजलेला नाही."

"पानी बाहेरूनच जाते का? रात्री केवढी थंडी पडली, दहिवर पडला. आतमंधी ओल धरली असन."

या युक्तिवादापुढे माझी बत्तीस वर्षांची मास्तरकी आडवी झाली. ॲपल कंपनीने 2024 साली सूचना काढून सांगितलं आहे की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. हे मी सांगितलं. मावशींनी विचारलं, त्या कंपनीवाल्यांची किती एकर धानाची बांधी आहे? मी गप्प बसलो.

मग तांदूळ कोणता यावर वाद पेटला. चिन्नोर नको, वास राहील. जाडा नको, आतली ओल ओढणार नाही. मावशी म्हणाल्या, माझ्या डब्यात एचएमटी आहे, पाहुण्यांसाठी ठेवलेला. सगळे एकदम शांत झाले. एचएमटी म्हणजे आमच्याकडे मानाचं पान. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या दीड एकरवाल्या शेतकऱ्याने 1983 साली आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून हे वाण घडवलं, आणि तेव्हा ज्याच्या त्याच्या मनगटावर असलेल्या एचएमटी घड्याळाचं नाव त्याला पडलं. म्हणजे यंत्राच्या नावाचा तांदूळ. आता त्याच तांदळात आम्ही यंत्र पुरत होतो. घड्याळ बंद पडलं तर निदान चावी देता येत असे, इतकंच.

डबा लहान, लॅपटॉप मोठा. म्हणून धानाच्या रिकाम्या पोत्यात लॅपटॉप ठेवला आणि वरून तांदूळ ओतला. एक दिवस, एक रात्र. सकाळी पोत्यातून काढला, फुंकला, झटकला. बटण दाबलं. दिवा, घरघर, अमावास्या. पण आता पंख्याच्या घरघरीत एक नवीन टकटक मिसळली होती. मावशी म्हणाल्या, "आवाज वाढला, म्हंजे गुन येऊन रायला."

गुण येऊन राहिलेला लॅपटॉप पिशवीत घालून मी साकोलीची बस धरली. गावच्या किल्ल्याकडे पाठ फिरली तसं मनात आलं, ही तटबंदी ढासळायला शतकं लागली, आणि आमच्या यंत्राला मंडईची एक रात्र पुरली.

दुरुस्तीवाला पोरगा, मिसरूड नुकतंच फुटलेला. काय झालं ते मी पहिल्यापासून सांगायला लागलो, तर त्याने हाताने थांबवलं. आधी त्याने मोबाईलचा टॉर्च काळ्या पडद्यावर तिरका धरला. मागे अंधुक चित्र दिसलं असतं तर पडद्याचा दिवा गेला असं समजायचं. चित्र नव्हतं. मग त्याने मागचे स्क्रू काढले, झाकण उचकटलं आणि बोटाएवढी हिरवी पट्टी बाहेर काढली.

"रॅम," म्हणाला, आणि खिशातून शाळकरी पोरांचं खोडरबर काढून तिच्या पिवळ्या दातांवर घासायला लागला.

मला हे फार आवडलं. जन्मभर मी खोडरबराने चुका पुसायला शिकवलं, पण हा उपयोग अभ्यासक्रमात नव्हता. त्यानेच समजावलं: चालू होताना यंत्र आधी हजेरी घेतं. रॅम आली का, कीबोर्ड आला का, डिस्क आली का. पट्टीच्या दातांवर थर चढला किंवा ती खाचेत सैल झाली की रॅम गैरहजर लागते आणि मग शाळाच भरत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा राहतो. आमच्या शाळेत अर्धा वर्ग गैरहजर असला तरी शिक्षण विभागाच्या कागदावर शाळा भरत असे. त्या मानाने हे यंत्र फारच प्रामाणिक निघालं.

पट्टी खाचेत टक्क करून बसली. बटण दाबलं आणि पडद्यावर उजेड आला. मी पैसे काढणार, इतक्यात पोराने भुवया वर केल्या आणि चिमटा पंख्यात घातला.

"टकटक कायची येते जी, गुरुजी?"

एक दाणा निघाला. मग दुसरा. मग हिशेब सोडून दिला. पोराने ते टेबलावर ओळीने मांडले.

"एचएमटी आहे," मी जरा ऐटीतच म्हणालो. "पाहुण्यांचा."

त्याने एक दाणा उचलला, बल्बसमोर धरला, नखाने दाबला. इतर दाण्यांपेक्षा तो पिवळसर आणि गुळगुळीत होता. गावोगाव ज्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणून लोक निवडून फेकतात, तो. प्लास्टिक वगैरे काही नसतं. रेशनच्या तांदळात सरकारने मिसळलेले ते पौष्टिक दाणे, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी बारा घातलेले.

"कायचा एचएमटी जी," पोरगा म्हणाला, "हा तं रेशनचा हाये."

पंखा साफ करण्याचे त्याने वेगळे पन्नास लावले. परतीच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हा एकच प्रश्न छळत होता, मावशींना काय सांगायचं. ओसरीवर पोचलो तर त्या वाटच पाहत होत्या. पडदा उजळलेला पाहून टाळी वाजवली, सगळ्यांना हाक मारली आणि म्हणाल्या, "पाहा, मी सांगतो म्हणलं तं कोनी आयकत नाई. एचएमटीचा गुन हाये."

मी मान डोलावली आणि त्यांच्या धानाच्या नोंदणीचा फॉर्म उघडला. सर्व्हर डाऊन होता.