आधी पुस्तक दाखवा

फोनिक्सच्या क्लासची चौकशी करायला गेलेले आईबाप तीन गोष्टी विचारतात: फी किती, बॅच किती वाजता आणि सर्टिफिकेट कुठलं. घरी शिकवायला संच मागवणारे किंमत आणि कार्डांची संख्या बघतात. मूल नक्की काय वाचणार आहे, हे विचारायचं राहून जातं. आणि सगळं त्यावरच अवलंबून असतं.

फोनिक्स ही इंग्रजी वाचन शिकवण्याची पद्धत खरी आहे, हे आधी स्पष्ट सांगते. अक्षराचं नाव बाजूला ठेवायचं, त्याचा आवाज शिकवायचा आणि आवाज जोडून शब्द वाचायचा. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं २००० साली आणि इंग्लंडमध्ये जिम रोझ यांच्या अहवालानं २००६ साली याच बाजूनं कौल दिला. ‘सी-ए-टी कॅट’ घोकणारं मूल नव्या शब्दाशी अडतं, कारण सी, ए आणि टी ही नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यातून कॅट निघत नाही.

जॉली फोनिक्स या प्रसिद्ध कार्यक्रमात इंग्रजीचे ४२ आवाज आहेत आणि सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांनी होते. या सहांतून सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, पॅन असे कितीतरी शब्द लगेच तयार होतात आणि मूल पहिल्या काही आठवड्यांतच खरोखर वाचू लागतं. यात आपल्याला परकं काही नाही. ‘ग म भ न’नं सुरुवात करायची आपली रीत जुनीच आहे. ही चार अक्षरं वळणाला जवळची, आणि त्यांतून मन, मग, नभ, गगन, नमन असे शब्द विनाकाना-मात्रा वाचता येतात. थोडी अक्षरं, लगेच शब्द, लगेच वाचन. आपल्या शिक्षकांना हे ठाऊक होतं. एबीसीडी ओळीनं शिकवताना मात्र आपण ही समज गुंडाळून ठेवतो आणि आरशातल्यासारखे उलटसुलट दिसणारे बी आणि डी पोरांच्या पुढ्यात जवळजवळ एकदमच टाकतो.

म्हणून कुठल्याही कार्यक्रमाची परीक्षा एकच. त्याचं पहिलं वाचनपुस्तक मागा आणि मधलं कुठलंही पान उघडा. त्या पानावरचे शब्द आतापर्यंत शिकवलेल्या आवाजांतून वाचता येतात का? ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ यांसारखे नियमात न बसणारे दोन-चार शब्द चालतील, ते तसेच शिकवावे लागतात. पण सहा अक्षरं झालेल्या मुलापुढे हत्तीचं मोठं चित्र आणि खाली ‘एलिफंट’ असेल, तर ते मूल चित्र पाहून अंदाज बांधणार. घरचे टाळ्या वाजवणार, व्हिडिओ आजीला जाणार आणि दुसरीत चित्रं कमी झाली की मूल गप्प होणार. ‘आधी तर छान वाचायचा’ असं म्हणणाऱ्या आईला तेव्हा कोणी सांगत नाही, की तो वाचत नव्हताच. यात पोराचा दोष काडीचाही नाही.

पाठांतर की वाचन, हे घरी ओळखता येतं. इंग्लंडमध्ये २०१२पासून पहिलीच्या मुलांना ४० शब्द वाचायला देतात. त्यातले २० निरर्थक, बनवलेले असतात, म्हणजे पाठ करून येण्याची सोयच नाही. तुम्हीही ‘नॅस’, ‘टिस’ असे दोन-तीन शब्द कागदावर लिहून मुलापुढे ठेवा. आवाज जोडून ते वाचता आले तर कार्यक्रम काम करतो आहे.

वयाचं काय? चालायला लागलेल्या बाळांनाही वाचायला शिकवू म्हणणाऱ्या जाहिराती मला अक्षम्य वाटतात. अमेरिकेत ‘युअर बेबी कॅन रीड’ नावाचा व्हिडिओ आणि कार्डांचा संच सुमारे २०० डॉलरला विकला जात होता. नऊ महिन्यांचं बाळ वाचू शकतं, असा त्याचा दावा. २०१२ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं खोट्या जाहिरातीचा आरोप ठेवला आणि त्याच वर्षी कंपनीनं दुकान बंद केलं. तोवर कितीतरी घरांतून पैसे गेले होते. तीन वर्षांच्या मुलाला गोष्टी, गाणी आणि यमकं हवीत. ‘कमळ’मधला पहिला आवाज कुठला, असे तोंडी खेळ हवेत. पेन्सिल थांबू शकते.

मराठी घराला एक अडचण हमखास येते. आपण व्यंजन ‘अ’ मिसळूनच उच्चारतो. मग मूल ‘बअ-ॲ-टअ’ म्हणतं आणि त्यातून बॅट काही होत नाही. उपाय आपल्याच लिपीत आहे. अक्षराचा पाय मोडा: ब्, ट्, स्, म्. डेमोला गेलात तर शिक्षिकेला एम, टी आणि एसचे आवाज काढून दाखवायला सांगा. ‘मअ, टअ, सअ’ ऐकू आलं तर उठून या. त्या आवाजांच्या बळावर तुमचं मूल वर्षभर अडखळणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचन म्हणजे एक गुणाकार असल्याचं मांडलं: शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. एक बाजू शून्य असली तर उत्तर शून्य. इंग्लंडमधलं मूल ‘हेन’ वाचतं तेव्हा कोंबडी त्याला त्याच नावानं आधीपासून माहीत असते. लातूरच्या किंवा चिपळूणच्या मुलाला ‘हेन’ वाचता येतं, पण कोंबडी दिसत नाही. फोनिक्सचा कुठलाही संच ही उणीव भरून काढू शकत नाही. ती भरते रोज ऐकलेल्या इंग्रजी गोष्टींनी. आणि शब्द उलगडणं सोपं होतं त्याआधी मराठीत वाचता आल्यानं. मराठीत अक्षर आणि आवाज यांचं नातं जवळजवळ सरळ आहे. आवाज जोडून शब्द करण्याची युक्ती एकदा इथं जमली की इंग्रजीत ती पुन्हा मुळापासून शिकावी लागत नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट वाचायला मिळतात, तिथून सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही. इंग्रजी शाळेत घातलंय म्हणून घरातलं मराठी वाचन बंद करणारे पालक मुलाच्या इंग्रजीचंच नुकसान करतात.

या आठवड्यात कुठे नाव नोंदवायला जाणार असाल, तर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि पहिलं वाचनपुस्तक हातात मागा. ‘ते प्रवेश घेतल्यावर मिळेल’ असं उत्तर आलं, तर प्रवेश घेऊ नका.