एका मेलमध्ये सर्वांना पावणाऱ्या लेखकमहोदयांस

आदरणीय लेखकमहोदय,



जिल्ह्याच्या गावातून निघणाऱ्या आमच्या छोट्या दिवाळी अंकाची आपल्याला आठवण झाली, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार. 'हा लेख मी खास आपल्या अंकासाठी राखून ठेवला होता,' असं आपण लिहिलं होतंत. वाचून फार बरं वाटलं. त्या वाक्याच्या वर, 'प्रति'च्या चौकटीत, आणखी चाळीसेक संपादकांचे पत्ते होते. त्या सर्वांनाही तितकंच बरं वाटलं असणार.

पत्ते झाकून पाठवायची सोय प्रत्येक मेलमध्ये असते. आपण ती वापरली नाहीत, हा आपल्या मनाचा मोकळेपणा. मुंबई-पुणे, नागपूर, पणजी, बडोदा, इंदूर असे सगळीकडचे संपादक आपण एका ओळीत आणून बसवलेत. साहित्य संमेलनालाही हे दरवर्षी जमत नाही.

मी लगेच आपल्याला फोन केला होता, आठवत असेल. 'बाकीच्यांना नुसता माहितीसाठी पाठवलाय हो, छापायचा तुम्हीच,' असं आपण म्हणालात. लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या शब्दावर मी पुढचं सगळं काम उभं केलं.

कामही आपण भरपूर दिलंत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. फाइल युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा फॉन्टमधली होती. उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. कन्व्हर्टरमधून काढल्यावर मराठी दिसू लागली, पण रफार शेजारच्या अक्षरांवर जाऊन बसले होते आणि पहिल्या वेलांट्या एकेक घर सरकल्या होत्या. आमच्या मुद्रितशोधक बाईंनी ते एकेक उचलून जागेवर ठेवले. 'दुर्भिक्ष' हा शब्द आपल्या लेखात किती वेळा येतो, हे आता आपल्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.

आणि लेख चांगला होता, हे मुद्दाम सांगतो. १९७२चा दुष्काळ मराठीत अनेकांनी लिहिलाय, पण खडी केंद्रावर बोटांना चिंध्या गुंडाळून दगड फोडणारी आपली आई, कामाच्या जागी मिळणारी सुकडी घरच्या धाकट्यांसाठी पदराच्या टोकाला बांधून आणणारी, ती आम्हाला प्रत्यक्ष दिसली. लाल मिलो ज्वारीची भाकरी तव्यावरून काढताना तुटायची, हे वाक्य वाचून आमचे चित्रकार थांबले आणि त्यांनी तेवढंच चित्र काढलं: तवा, उलथनं आणि दोन तुकडे. त्या चित्राचे पैसे आम्ही दिले. आपल्या लेखाचं मानधनही मुद्रितं येण्याआधी दिलं. आमच्या अंकात हे दरवर्षी जमतंच असं नाही, पण या लेखासाठी जमवावंसं वाटलं.

लेखात एक चूक होती. रोजगार हमीचा कायदा १९७२ साली झाला, असं आपण लिहिलं होतंत. योजना तेव्हाची. वि. स. पागे यांनी ती आखली आणि दुष्काळात ती राज्यभर राबवली गेली. कायदा १९७७चा आणि त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासूनचा. हा फरक बारीक नाही. योजना सरकारच्या मर्जीवर चालते. कायदा झाल्यावर मजुराला काम मागायचा हक्क मिळतो. आपल्या आईला १९७२मध्ये काम मिळालं, हक्क मिळाला नव्हता. तिची कहाणी लिहिताना ही तारीख चुकली तर लेखाचा कणाच सरकतो. मी दुरुस्ती लिहून पाठवली. 'वा, करून टाका,' असं आपलं तत्पर उत्तर आलं. एवढ्या दिलदारपणे दुरुस्ती मान्य करणारे लेखक विरळा.

पण ती दुरुस्ती आमच्याच पानांपुरती राहिली, कारण तोवर लेख इतरत्र पोचला होता.

कसा पोचला ते आता वाचकांनाही सांगतो. आपण तीन ब्लॉग चालवता. त्यांवर मेलने मजकूर टाकायची सोय आपण करून घेतली आहे. ही सोय चांगली आहे. ब्लॉगरसारख्या सेवा लेखकाला एक गुप्त पत्ता देतात. त्या पत्त्यावर मेल धाडला की मेलचा विषय होतो शीर्षक, खालचा मजकूर होतो लेख, आणि लेख लागतो. लॉगिन नको, पासवर्ड नको. म्हणूनच तो पत्ता कुणाला सांगू नका, अशी सूचना असते. पत्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती ब्लॉग. ब्लॉगरमध्ये आलेला मेल लगेच प्रसिद्ध न करता मसुदा म्हणून ठेवायचीही सोय आहे. आपण 'लगेच प्रसिद्ध करा' निवडलंत. उत्साही माणसाला मसुदा कशाला लागतो?

हे तिन्ही गुप्त पत्ते आपण त्याच 'प्रति'च्या चौकटीत, संपादकांच्या रांगेच्या शेवटी बसवलेत. म्हणजे आपण 'पाठवा' दाबलंत त्या क्षणी आपला 'खास राखून ठेवलेला' लेख तीन ठिकाणी लागलाही. रफारांवर आम्ही डोळे शिणवत होतो तेव्हा तो जगाला खुला होता.

पुढचा पराक्रम आपल्या एकट्याचा नाही, पण श्रेय आपल्यालाच द्यावं लागेल. यादीतल्या एका ज्येष्ठ संपादिकांनी आपल्याला उत्तर लिहिलं. लेख आवडला, मानधन इतकं देऊ शकू, कुठे आधी छापून आला आहे का ते कळवावं, अशा चार सुसंस्कृत ओळी. खाली नाव, घरचा पत्ता, मोबाईल नंबर. त्यांनी 'सर्वांना उत्तर' दाबलं, आणि त्या सर्वांमध्ये आपले तीन ब्लॉगही होते. काही क्षणांत बाईंचं खाजगी पत्र आपल्या तिन्ही ब्लॉगांवर लेख म्हणून झळकलं. आधी 'आरई' लावून तेच शीर्षक, आणि शेवटी बाईंचा नंबर. अशाच दुसऱ्या सेवेने, वर्डप्रेस डॉट कॉमने, मेलच्या मजकुरात चौकटी कंसात एक खूण घातली की तिच्या खालचं काही छापायचं नाही, अशीही सोय दिली होती. सह्या गळाव्यात म्हणूनच. ती खूण मेल पाठवणाऱ्याने घालायची असते, आणि आपण ब्लॉगला पत्र लिहितो आहोत हे बाईंना स्वप्नातही ठाऊक नव्हतं.

अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले तेव्हा त्यांनी मला विचारलं, की हे काय आहे. मी आपल्याला कळवलं. 'काढतो,' म्हणालात.

दिवाळी आली. अंक आला. आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळी अंकांची योजना असते. एकदा वर्गणी भरली की चैत्रापर्यंत अंक बदलून न्यायचे. तिथले वाचक एक अंक वाचत नाहीत, वीस-पंचवीस वाचतात, आणि बारकाईने वाचतात. त्यांतले एक निवृत्त शिक्षक दोन अंक काखेत घेऊन माझ्याकडे आले. दोन्हींत आपला लेख. एकात कायदा १९७२ला झाला आहे, दुसऱ्यात १९७७ला. दोन्हींवर आपलंच नाव. दोन्ही अंक टेबलावर शेजारी शेजारी उघडून त्यांनी पेन्सिलीचं टोक दोन्ही ओळींवर ठेवलं आणि विचारलं, 'यातलं खरं कुठलं? नातीला प्रकल्पासाठी द्यायचंय.' आपण लेखनाची एवढी व्यापक पोच साधलीत की खोटी आणि खरी तारीख एकाच घरात, एकाच शाळकरी मुलीच्या हातात पोचली. मी त्यांना कायद्याचं वर्ष कागदावर लिहून दिलं. ब्लॉगवर ते १९७२च आहे, तिन्हीकडे. नातीने शोध ब्लॉगवर घेतला तर तिला तेच मिळेल.

त्यानंतर आणखी एका संपादकांचं 'सर्वांना उत्तर' आलं. हा लेख आम्ही गेल्याच वर्षी छापला आहे, असं एका ओळीचं. ती ओळही आपल्या तिन्ही ब्लॉगांवर लागली. स्वतःविरुद्धचा पुरावा तीन प्रतींत, तत्काळ आणि विनामूल्य प्रसिद्ध करणारा लेखक मी तरी दुसरा पाहिला नाही.

लेखकमहोदय, एक मेल आणि अनेक ठिकाणं, या कल्पनेला माझा विरोध नाही. २००८ साली 'पोस्टेरस' नावाची सेवा निघाली होती. तिच्या पत्त्यावर एक मेल धाडायचा, की मजकूर आपल्या ट्विटर, फेसबुक, फ्लिकर, वर्डप्रेस, ब्लॉगर अशा खात्यांवर आपोआप जायचा. लोकांना ती आवडली. २०१२मध्ये ट्विटरने ती कंपनी घेतली आणि ३० एप्रिल २०१३ रोजी सेवा बंद झाली. लोकांना आपापलं लेखन उतरवून घ्यावं लागलं. पण त्या सगळ्या जागा लेखकाच्या स्वतःच्या होत्या. स्वतःच्या ओसरीवर, गच्चीवर आणि अंगणात एकच दिवा तीनदा लावला तर शेजाऱ्याचं काय जातं?

माझं दुःख वेगळं आहे. आपण ज्या ओळीत ते तीन गुप्त पत्ते लिहिलेत, त्याच ओळीत माझा पत्ता लिहिलात. मेल आला की आपोआप छापणारा आणखी एक पत्ता, एवढीच आपल्या लेखी माझी किंमत झाली. या अंकासाठी माणसं बसतात. वाचतात, वाद घालतात, पुस्तकं काढून वर्ष तपासतात, लेखकाला फोन करतात, चित्र काढून घेतात. १९०९मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून वाचक या अंकांकडे एका अपेक्षेने येतो: हे इथे पहिल्यांदा वाचायला मिळतंय, आणि कुणीतरी वाचून, पारखून आपल्या हाती देतंय. वाचनालयात वर्गणी भरणारा त्याच अपेक्षेचे पैसे भरतो. आपण ती अपेक्षा मोडलीत, आणि आपल्याच आईवरच्या लेखासाठी मोडलीत, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आपली बाजूही मला ठाऊक आहे. संपादक उत्तर देत नाहीत. मे महिन्यात पाठवलेल्या लेखाचं काय झालं, ते लेखकाला दिवाळीत अंक विकत घेऊन कळतं. मानधन मागावं लागतं आणि मागितलं की संबंध बिघडतात. हे सगळं खरं आहे, आणि आमच्या धंद्याला ते शोभत नाही. म्हणून आपल्यासारख्यांना वाटतं, एकाला पाठवून वाट पाहत बसण्यापेक्षा सगळ्यांना पाठवा, कुणीतरी छापेल. या वाटण्याला मी हसणार नाही.

पण त्याला साधा उपाय आहे, आणि तोही मेलनेच करता येतो. एकाला पाठवा. तीन आठवड्यांची मुदत स्पष्ट लिहा. उत्तर आलं नाही तर 'लेख मागे घेत आहे' अशी एक ओळ धाडा आणि पुढच्या संपादकांकडे जा. एवढ्यावर जो संपादक रागावेल, तो आपल्या लेखाला लायकच नव्हता. ब्लॉगवर आधी टाकायचा असेल तर खुशाल टाका, फक्त मला आधी सांगा. काही लेख ब्लॉगवर येऊन गेल्यावरही मी छापलेत, खाली पूर्वप्रसिद्धीची ओळ देऊन. वाचक त्या ओळीवर रागावत नाही.

आता तीन विनंत्या. त्या दुसऱ्या अंकाच्या संपादकांना सगळं खरं लिहून कळवा, आणि मानधन दोन्हीकडून घेतलं असेल तर एक परत करा. तिन्ही ब्लॉगांवर कायद्याचं वर्ष दुरुस्त करा आणि दुरुस्ती केली आहे असं खाली लिहा. आणि ते गुप्त पत्ते बदलून घ्या, कारण जुने आता चाळीस जणांकडे आहेत.

चौथी गोष्ट विनंती म्हणून लिहीत नाही. हे पत्र लिहायला बसण्याआधी मी आपले ब्लॉग पुन्हा उघडून पाहिले. बाईंचं पत्र तिथेच आहे, घरचा पत्ता आणि मोबाईल नंबर दोन्हींसकट. त्या एकट्या राहतात आणि रात्रीही फोन येतात. तो मजकूर आज काढा. मग त्यांना फोन करून सांगा, की काढला.

आपला नम्र,
एका दिवाळी अंकाचा संपादक