हरकती व सूचना

आमचं गास गाव जागचं हलत नाही, पण त्याचा पत्ता सारखा बदलतो. 3 जुलै 2009 ला वसई-विरार महापालिका झाली आणि केळीच्या वाडीत उभ्या उभ्या आम्ही शहरवासी झालो. गावं खवळली. आमच्यासारखी गावं आत की बाहेर, हा वाद मोर्च्यांतून कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच मुक्कामाला राहिला. पुढे 1 ऑगस्ट 2014 ला तर कहरच झाला. रात्री ठाणे जिल्ह्यात झोपलो ते सकाळी पालघर जिल्ह्यात उठलो.

माझ्या दोन मुली नेमक्या याच दोन वर्षांतल्या. त्यामुळे मोठीला मी ‘महापालिका’ म्हणतो आणि धाकटीला ‘जिल्हा’. अर्थात, त्या घरात नसताना.

महापालिका चौदा वर्षांची झाली आणि घरात आत-बाहेरचा वाद पेटला. वाडीत पाणी सोडायला सांगितलं की ती लहान असायची. मैत्रिणींबरोबर वसईच्या किल्ल्यावर जायचं म्हटलं की मोठी. म्हणजे सवलती गावाच्या आणि सोयी शहराच्या! मी ओरडणार होतो. पण मोर्च्यात मीही साधारण याच घोषणा दिल्या होत्या.

जिल्हा जन्माला आला तो विभाजन घेऊनच. ठाण्यातून आठ तालुके पालघरला गेले. धाकटीने ताईच्या कपाटातले तीन कप्पे नेले, आरसा नेला, आता खिडकीशेजारच्या पलंगावर दावा आहे. सीमाप्रश्नावर रोज रात्री बैठक होते. अध्यक्ष मी असतो, निर्णय त्यांची आई देते.

सरकार आधी ठरवतं आणि मग जनतेकडून हरकती व सूचना मागवतं, ही पद्धत मुलींनी उचलली आहे. ‘‘पप्पा, केस कापू?’’ असं मोठीने विचारलं तेव्हा ती पार्लरमधून परत आली होती.

यंदा ती अकरावीला गेली. कॉलेज अंधेरीला. पहिल्या दिवशी मी रजा टाकून तिला नालासोपारा स्टेशनवर नेलं. विरार लोकल इथे येते तीच भरून. कुठे उभं राहायचं, बॅग पुढे कशी घ्यायची, दारात का थांबायचं नाही, हे वाटेत दोनदा सांगून झालं. लेडीज डब्यात मला चढता येणार नाही, एवढी एकच गोष्ट माझ्या नियोजनातून सुटली होती. ‘‘पप्पा, बाजूला व्हा,’’ म्हणत ती गर्दीत शिरली आणि मासळीची टोपली सांभाळणाऱ्या एका मावशीशेजारी दिसेनाशी झाली. गाडी सुटली. माझ्या हातात तिचा डबा.

घरी आलो तर आई ओटीवर पानं निवडत बसली होती. तिचं अर्धं आयुष्य टोपलीत भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाण्यात गेलं. डब्याकडे आणि माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, ‘‘मी गाडीला जायचे तेव्हाही तू असाच दारात उभा असायचास. फक्त तेव्हा चड्डीत होतास.’’

डबा मीच खाल्ला. हरकत काहीच नव्हती. सूचना एकच केली होती, पोचल्यावर फोन कर.

फोन आला तो जिल्ह्याला. ताई पोचली होती, आणि पलंगाला हात लावायचा नाही असं तिने बजावलं होतं.