पोटखराबा वजा जाता

राजमान्य राजश्री प्लेस्टेशन पाच, वास्तव्य आमच्या माजघरातील टीव्हीच्या डाव्या अंगास, यांसी,

मुक्काम पोस्ट मोहोळ, जिल्हा सोलापूर येथून महसूल खात्यातील एका निवृत्त अव्वल कारकुनाचा नमस्कार, विनंती विशेष. आपण आणि आम्ही एकाच छपराखाली राहत असता पत्र लिहिण्याचे प्रयोजन काय, अशी शंका आपणांस येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याची रोज समोरासमोर गाठ पडते त्याच्याशी बोलून काही निष्पन्न होत नाही, कागद मात्र कधी ना कधी कोणाच्या तरी टेबलावर पोहोचतो, एवढा एकच सिद्धान्त छत्तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या हाती लागला असल्यामुळे, आणि आपणांस अवगत असलेल्या भाषांच्या यादीत मराठी नसल्याने आपण हे वाचणार नाही अशी पक्की खात्री असल्यामुळे, जे लिहावयाचे ते निर्धास्तपणे लिहितो.

प्रथम आपल्या आगमनाची कैफियत. २०२० च्या नोव्हेंबरात आपण जपानात व अमेरिकेत प्रकट झालात; हिंदुस्थानात आपली स्वारी २ फेब्रुवारी २०२१ रोजी यावयाची ठरली आणि आगाऊ नोंदणीसाठी १२ जानेवारीस दुपारी बाराचा मुहूर्त मुक्रर झाला. एरवी शाळेच्या घंटेलाही वेळेवर हजर न होणारा आमचा नातू त्या दिवशी पावणेबारापासून मोबाइल हातात धरून बसला होता, आणि १९७२ च्या दुष्काळात, वयाच्या चौदाव्या वर्षी, रेशन दुकानापुढे मिलो ज्वारीच्या पिशवीसाठी ताटकळण्याची दीक्षा घेतलेले आम्ही अनुभवी मार्गदर्शक म्हणून त्याच्या शेजारी बसलो होतो. परंतु मिलोच्या रांगेत पुढे किती माणसे आहेत हे निदान डोळ्यांना दिसत असे, आणि आपला क्रमांक येण्यापूर्वी पोते संपणार हे पोत्याकडे पाहून कळत असे. येथे ना रांग दिसली, ना पोते दिसले, आणि काही मिनिटांतच साठा संपल्याची दवंडी पिटली गेली. महामारीने कारखान्यांची घडी विस्कटलेली, सिलिकॉनच्या चकत्यांचा जगभर तुटवडा, ही कारणे आम्ही मान्य करतो. मात्र पुढच्या खेपेला नोंदणीची पायरी चढूनही जेव्हा ४१३२१३ या पिनकोडावर सेवा उपलब्ध नाही असा शेरा आला, तेव्हा आम्हांस मौज वाटली. कारण पुण्याहून निघालेली मालाची गाडी इंदापूर, टेंभुर्णी करीत सोलापूरला जाते ती आमच्याच अंगावरून, म्हणजे मोहोळ ओलांडल्यावाचून तिला सोलापूर दिसतच नाही. तो शेरा मारणाऱ्या दुकानदाराचे नाव लिहून हा कागद विटाळत नाही.

अखेर २०२२ च्या दसऱ्याला पुण्याच्या जावईबापूंनी आपणांस एस.टी.च्या गाडीतून मांडीवर घेऊन आणले. तबकडीच्या खाचेसह आपले वजन साडेचार किलो आणि उंची एकोणचाळीस सेंटिमीटर. शिवाय ती दोन्ही बाजूंनी उभारलेली पांढरी कॉलर! वाहकाने अर्ध्या तिकिटाच्या विचाराने आपणांकडे दोनदा पाहिले, असे जावईबापू सांगतात. ४९,९९० रुपये मोजले गेले, आणि महिनाभरातच कंपनीने तोच आकडा ५४,९९० वर नेल्याची वार्ता आली, त्यामुळे जावईबापूंचा घरातील मान पाच हजारांनी वाढला. वस्तू जुनी होत जाईल तशी तिची किंमत चढावी, हा नियम आम्ही आजवर फक्त सोने आणि हमरस्त्यालगतची जमीन यांनाच लागू होताना पाहिला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या दप्तरी साठवण क्षेत्र ८२५ गिगाबाइट असे दाखल आहे. नातवाने आपणांस प्रथम चालू करून साठवणीचे पान उघडले, तेव्हा तेथे वापरायोग्य क्षेत्र ६६७ एवढेच निघाले. बाकीचे १५८ गेले कोठे, या त्याच्या प्रश्नाला ते यंत्राच्या अंतर्गत कारभारासाठी राखून ठेवलेले असते, असे उत्तर त्याच्या मित्राने दिले. पण आम्हांस उत्तराची गरजच पडली नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ज्याने हयात घालविली त्याला ओढा, नाला, खडकाचा पट्टा, बांध आणि पायवाट यांनी खाल्लेल्या जमिनीला काय म्हणतात हे सांगावे लागत नाही: तो पोटखराबा. दोन हेक्टर जमीन नावावर आहे म्हणून मिशीला पीळ देणाऱ्या खातेदाराला, पोटखराबा वजा जाता तुझ्या नांगराखाली येते ती दीडच, हे सांगण्याचा अप्रिय प्रसंग आमच्यावर शेकडो वेळा आला आहे. भेद इतकाच, की ज्या महसूल व्यवस्थेला आपल्यासारखे आधुनिक लोक जुनाट म्हणून नावे ठेवतात, तिने खडकाळ, नापीक पोटखराब्यावर आकार बसविलेला नाही. जे पिकत नाही त्याचा सारा मागू नये, एवढी लाज ब्रिटिशांच्या बंदोबस्तालाही होती. आपण मात्र ८२५ चा पूर्ण आकार वसूल करून ६६७ चा कबजा दिलात. शेजारच्या मायक्रोसॉफ्टच्या घराण्यातील एक्सबॉक्स यांचा उताराही आम्ही पाहिला. तेथेही एक टेराबाइटच्या खात्यात ८०२ च लागवडीखाली आहे, म्हणजे हा भाऊबंदांचा सर्वसंमत रिवाज दिसतो.

बरे, ६६७ म्हणजे तरी थोडे आहे का? आम्हांस पहिल्या दिवशी ते अथांग वाटले. नव्वदीच्या दशकात गल्लीत कुणाकडे तरी 'मीडिया'चा व्हिडिओ गेम असे आणि त्याच्या एका कॅसेटवर 'नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ एकात' असे छापलेले असे. त्यांतले पाच-सहाच खेळ खरे आणि बाकीचे त्यांचेच सोंग, ही फसवणूक साऱ्या मुलांनी आनंदाने पत्करली होती. आपल्या राज्यात एकेक खेळ शंभर-सव्वाशे गिगाबाइटांचे अंगण मागतो. त्यातून तबकडी विकत घेतली म्हणजे जागा वाचेल असा आमचा जो भाबडा समज होता, तोही खोटा ठरला; तबकडीवरील सारा माल आधी आपल्या पोटात उतरवून घ्यावा लागतो, आणि वर खेळताना तबकडी खाचेत हजर लागते ती केवळ मालकीचा दाखला म्हणून. तबकडीविना येणारे आपले डिजिटल बंधू तेव्हा दहा हजारांनी स्वस्त होते हे खरे; पण तेथला खेळाडू आमच्या भाषेत भोगवटादार वर्ग दोन. वहिवाट करा, पीक घ्या, परंतु विक्री नाही, बक्षीसपत्र नाही, धाकट्या भावाला देणे नाही. तबकडीवाला तेवढा वर्ग एक. हे बारकावे ध्यानी घेऊनच जावईबापूंना सूचना दिली होती, याचे श्रेय कोणी देत नाही म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

साठवण ही गोष्ट या तालुक्याला नवी नाही. आमच्या आजोबांच्या काळी वाड्याच्या अंगणात पेव होते. जमिनीत घागरीच्या आकाराचा खोल खड्डा, तळाला आणि कडेला कडब्याचे अस्तर, तोंडावर दगड आणि माती, आणि आत वर्षानुवर्षे टिकणारी शाळू ज्वारी. पेवातील धान्य सुरक्षित असे, पण ते तेथेच दळता येत नसे. वर काढून जात्यापाशी आणावे लागे. आपल्या पाठीमागच्या यूएसबी छिद्रात जोडावयाची बाहेरची हार्ड डिस्क म्हणजे हुबेहूब हे पेव होय. तिच्यात प्लेस्टेशन चारचे जुने खेळ ठेवून खुशाल खेळता येतात. परंतु आपले स्वतःचे खेळ तेथे केवळ निजवून ठेवता येतात, आणि खेळावयाचे म्हटले की पुन्हा आत वाहून आणावे लागतात. याचे कारणही आम्ही समजून घेतले आहे. आपले अंतर्गत कोठार सेकंदाला साडेपाच गिगाबाइट या वेगाने माल पुरवते, आणि खेळाचे जग त्या वेगाच्या भरवशावरच रचलेले असते. पेवावरून डोक्यावर पाटी घेऊन येणारा गडी तेथे पुरा पडणार नाही. तर्क निर्दोष आहे. आमची तक्रार तर्काबद्दल कधीच नव्हती.

तक्रार त्या कुलूपबंद खोलीची आहे. आपल्या पांढऱ्या कॉलरीखाली, एका छोट्या झाकणाआड, एम. दोन जातीचे जादा कोठार बसविण्याची खाच निर्मितीपासूनच आहे. पण ज्यांनी आपणांस पहिल्या दिवशी घरी नेले, त्यांना ती २०२१ च्या सप्टेंबरात नवे सॉफ्टवेअर उतरेपर्यंत वापरता येत नव्हती. भाडेकरूला तीन खोल्यांचा करार करून द्यावा, तिसरीचे कुलूप दाखवावे, आणि किल्ली विलायतेहून येत आहे असे सांगावे, तसा हा प्रकार. किल्ली आली तेव्हा तिच्यासोबत अटींचे जे पत्रक आले ते वाचून मात्र आमच्यातला कारकून गहिवरला. आकारमान २५० गिगाबाइटपासून चार टेराबाइटपर्यंत, पुढे ते आठपर्यंत वाढविले. लांबी तीस, बेचाळीस, साठ, ऐंशी किंवा एकशेदहा मिलिमीटर. उष्णता शोषणारी धातूची पट्टी अनिवार्य, आणि त्या पट्टीसकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. पाव मिलिमीटरचीही सवलत न देणारा मोजणीदार आम्ही उभ्या नोकरीत पाहिला नाही, आणि पाहिला असता तर बांधावरचे निम्मे तंटे मिटले असते.

आपल्या गुणांचे वर्णन केले नाही तर पत्र एकांगी होईल. आपल्यासोबत जो चेंडूएवढ्या रोबोचा खेळ फुकट येतो, त्यात एके ठिकाणी पाऊस पडतो, आणि तो पाऊस हातातल्या कंट्रोलरमध्ये थेंबाथेंबाने जाणवतो. नातवाने ते यंत्र आमच्या हाती दिले तेव्हा बाहेर रोहिणी उलटून मृगही कोरडा चालला होता, सीनेचे पात्र पांढरे पडले होते, आणि पर्जन्यछायेतील या तालुक्याचा एक वृद्ध नागरिक माजघरात बसून तळहातांत पाऊस मोजत होता. आम्ही बराच वेळ ते यंत्र परत केले नाही. नातू म्हणाला, "आजोबा, पुढं चला की, इथं काही नाही." त्याला काय सांगावे! मात्र त्याच ऋतूत आपल्या माहितीपत्रकातील पाच ते पस्तीस अंश या तापमानाच्या अटीवर आमची नजर गेली. महाराज, सोलापूर जिल्ह्यात पस्तीस अंशांना उकाडा म्हणत नाहीत. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घरातील एकमेव कूलर आपल्या दिशेने वळविला जातो आणि ज्येष्ठ मंडळी ओसरीवर पंच्याने वारा घेतात.

आपल्या वंशविस्ताराची वार्ताही आम्ही ठेवून आहोत. एक टेराबाइटचे सडपातळ बंधू ५ एप्रिल २०२४ रोजी येथे आले. त्यांना उभे राहावयाचे असल्यास बैठक निराळी विकत घ्यावी लागते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'प्रो' ही पदवी लावलेले ज्येष्ठ बंधू ६९९.९९ डॉलरांस जगात उतरले. पोटात दोन टेराबाइट, पण तबकडीची खाच निराळी आणि बैठकही निराळी, म्हणजे नवरदेवाने आपला पाटही वधूपित्याकडे मागावा तसे. हिंदुस्थानच्या वेशीपाशी मात्र ते अडले, कारण त्यांच्या अंगच्या वाय-फाय सातला लागणारा सहा गिगाहर्ट्झचा पट्टा येथे खुला नव्हता. गायरानात परवानगीवाचून गुरे सोडता येत नाहीत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटले नाही. दोन टेराबाइटांचा डामडौल एका सरकारी पट्ट्यापुढे थबकलेला पाहून आम्हांस, खरे सांगावयाचे तर, अंमळ समाधानच झाले. आमच्या गावच्या कृषी संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेला ज्वारीचा 'मालदांडी ३५-१' हा वाण आजही रब्बीला पेरला जातो, त्याला कोणी अद्यापि सडपातळ केले नाही की प्रो केले नाही, आणि त्याच्या भाकरीसाठी बैठक निराळी घ्यावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष विनंती. गेल्या रविवारी जागा संपली. नातवाने यादी उघडून, कोणता खेळ पुसावा याचा विचार करता करता, ज्याला शंभराहून अधिक गिगाबाइट लागले आहेत आणि जो तो स्वतः खेळत नाही, त्या 'ग्रॅन टुरिस्मो ७' या मोटारींच्या खेळावर बोट ठेवले. सदरहू खेळ रात्री साडेनऊनंतर कोण चालवितो, याची चौकशी या पत्राच्या कक्षेत येत नाही. सोलापुरास जाऊन एक टेराबाइटचे, पट्टीसह ११.२५ मिलिमीटरच्या आत बसणारे कोठार आणावे, असे निवृत्तिवेतनातून मंजूर केले आहे. ते हाती येईपर्यंत मजकूर खेळास हात लावू नये, असा तोंडी हुकूम नातवास दिला असून त्याची एक प्रत या पत्राद्वारे आपणांकडे माहितीसाठी सादर.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
भोगवटादार वर्ग एक
मोहोळ